अठरा इंची पट्टी

पस्तीसहून जास्त वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड कायमची जडते. पुढ्यात आलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय त्याचा हात सहीकडे जात नाही. गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीने रात्री जेवणानंतर एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला आणि "मामा, इथे सही" म्हणाली, तेव्हा मी आधी चष्मा शोधला.

भाची मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज जवळ पडतं म्हणून आमच्याकडे बदलापूरला राहते. कागद होता पालकाच्या संमतिपत्राचा. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गो-कार्टची शर्यत कोल्हापूरच्या ट्रॅकवर होणार, त्यात आपली पाल्य गाडी चालवणार, आणि काही बरंवाईट झालं तर जबाबदारी आमची, असा एकूण मजकूर. गाडी बांधणारी पोरं अकरा. चालवणारी एकच, कारण सगळ्यांत हलकी तीच.

"आईची सही का नको?" मी विचारलं.

"आई देईल का?"

देणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. माझी धाकटी बहीण जिन्यावरून उतरतानाही कठडा धरते. मी सही केली. 'पाल्याशी नाते' या रकान्यात 'मामा' लिहिलं. बँकेत असताना अशी अर्धवट अधिकाराची सही कुणी केली असती, तर मीच ती परत पाठवली असती.

ज्यांनी गो-कार्ट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लोखंडी नळ्यांची एक खाटेसारखी चौकट, तिला चार छोटी चाकं, जमिनीपासून जेमतेम दीड-दोन इंचांवर बसायची जागा आणि चालवणाऱ्याच्या मागे किंवा बाजूला एक इंजिन. स्प्रिंगा नाहीत, शॉकॲब्सॉर्बर नाहीत. खड्ड्यात जे काही वाकायचं ते चौकटीनेच वाकायचं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर, म्हणजे ॲक्सलवर पक्की बसवलेली असतात, आणि त्या ॲक्सलला इंजिन फिरवतं ते मोटारसायकलसारख्या चेनने. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स नावाच्या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून पहिली अशी गाडी केली. पुढे जगातले मोठमोठे शर्यतपटू याच खेळण्यातून वर आले. ब्राझीलचा आयर्टन सेना वडिलांनी बांधून दिलेल्या अशाच गाडीवर लहानपणी शिकला. जर्मनीच्या मायकेल शूमाकरच्या वडिलांनी पायडलच्या गाडीला छोटं इंजिन जोडून दिलं होतं आणि पोराने ती दिव्याच्या खांबावर नेऊन आदळली होती. ही माहिती मी बहिणीला सांगितली नाही.

आमच्या पोरांच्या गाडीचं इंजिन १२५ सीसीच्या जुन्या मोटारसायकलचं. मागचं दातेरी चाक, ज्याला पुस्तकात स्प्रॉकेट आणि गॅरेजात स्पॉकेट म्हणतात, त्यांनी ६ मिलिमीटरच्या पत्र्यातून लेझरवर कापून घेतलेलं, ३६ दात्यांचं. पुढचं मोटारसायकलचंच. आणि दोघांवरून फिरणारी अर्धा इंच पिचची चेन.

ही चेन उतरायची.

पहिल्यांदा उतरली तेव्हा पोरांनी चेनला दोष दिला आणि नवी आणली. दुसऱ्यांदा उतरली तेव्हा पुढचं स्पॉकेट बदललं. उल्हासनगरच्या बाजारात दोन चकरा झाल्या, वर्गणीतले पैसे संपत आले. तिसऱ्यांदा, औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्याच्या आवारात चाचणी चालू असताना, चेन उतरली नाही, तुटली. सुटलेलं टोक पत्र्याचं झाकण फाडून बाहेर आलं आणि भाचीच्या बुटाची टाच कापून गेलं. बूट जाड होता. त्या दिवशी ती बूट पिशवीत लपवून घरी आली, पण बूट लपवता येतो, चेहरा येत नाही.

मी रात्रभर त्या सहीचा विचार करत पडलो. हिशेब करायची सवय जात नाही म्हणून अंधारात आकडेही मांडले. चाक ११ इंच व्यासाचं. ताशी ६० किलोमीटरला ते सेकंदाला एकोणीस वेळा फिरणार. एकोणीस गुणिले छत्तीस. म्हणजे दर सेकंदाला पावणेसातशेच्या वर दाते चेनच्या कड्यांत शिरणार आणि बाहेर पडणार. त्यातला प्रत्येक दाता जरासा तिरका शिरत असेल तर? सकाळी उठून मी बहिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती काय बोलली ते इथे लिहिण्याजोगं नाही. शेवटी म्हणाली, "दादा, सही तू केलीयस. आता तूच बघ."

बघायचं म्हणजे काय? मला तर सायकलची चेनही बसवता येत नाही. मी सायकल दुरुस्त करणाऱ्या आमच्या नाक्यावरच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "काका, अंबरनाथला मोरिवलीकडे एक मिस्त्री आहेत. चेनचं काम त्यांच्यासारखं कोणी करत नाही."

अंबरनाथ म्हटलं की बाहेरच्या माणसाला वालधुनीकाठचं १०६० सालचं शिवमंदिर आठवतं. आमच्या पिढीला विम्कोची आगपेटीही आठवते. पण या गावाची खरी नस यंत्रकामाची आहे. संरक्षण खात्याने १९५३ साली इथे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी काढली, मागोमाग औद्योगिक वसाहत आली, आणि दोन पिढ्या इथल्या घराघरांत फिटर, टर्नर, ग्राइंडर जन्माला आले. पलीकडचं उल्हासनगर वेगळ्या मातीचं. महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित, १९४९ साली मिळालेलं नवं नाव, आणि त्यानंतर बराकींच्या मागे पत्रे ठोकून उभे राहिलेले हजार तऱ्हेचे कारखाने. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' अशी चेष्टा लोकल गाडीत चालायची. मी १९८७ ते १९९१ तिथल्या शाखेत लघुउद्योगांची कर्जं बघत होतो. चेष्टा करणाऱ्यांनी ते कारखाने आतून पाहिले नव्हते. एकदा एका बिस्किटांच्या भट्टीवाल्याने मला चाकांची बदली सायकलच्या फ्रीव्हीलवर चालणारा पट्टा दाखवला होता, मी अर्धा तास बघत उभा होतो. असो.

रविवारी छोट्या टेम्पोत गाडी घालून आम्ही मोरिवलीला गेलो. पत्र्याची शेड, दारात तुळस, आत एक जुना लेथ. मिस्त्री सत्तरीच्या आसपासचे, हातात किलतान. त्यांनी वर पाहिलं आणि मी जागच्या जागी थांबलो.

१९८९ साली हा माणूस माझ्या टेबलासमोर बसला होता. कारखान्यातली टूलरूमची नोकरी सोडून स्वतःचा लेथ टाकायचा होता. जुना लेथ, अठ्ठेचाळीस हजार रुपये. कामाचा हात उत्तम होता, दोन कारखान्यांची पत्रं होती. पण जागेची भाडेपावती मेव्हण्याच्या नावावर. मी नियमाप्रमाणे शेरा मारला, 'प्रस्ताव विचारात घेता येत नाही.' मी तेव्हा तिशीत होतो आणि माझे शेरे कधी फिरत नसत, याचा मला अभिमान होता.

"या साहेब," मिस्त्री म्हणाले. पण ते सगळ्यांनाच साहेब म्हणत. मी काही बोललो नाही.

पोरांनी गाडी उतरवली आणि भराभरा सांगायला सुरुवात केली. चेन कुठल्या कंपनीची, ताण किती, मोबाइलवर पाहिलेलं लेझरचं उपकरण कसं मागवायचं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि जुनी, तुटलेली चेन मागितली. ती त्यांनी उजेडात धरली. कड्यांच्या आतल्या बाजूच्या पट्ट्या एका अंगाने आरशासारख्या चकाकत होत्या, दुसऱ्या अंगाने काळ्या. जुन्या स्पॉकेटच्या दात्यांचंही तेच, एकच गाल झिजलेला.

"चेन खराब नाय," ते म्हणाले. "चेन घासत चाललीय. पुढचं चाक आणि मागचं चाक एका लाइनीत नाय. तुम्ही चेन बदलत बसलात."

एका पोराने निषेध केला. त्याने स्वतः माप घेतलं होतं आणि इंजिन दोन मिलिमीटर सरकवलं होतं. दुसरा म्हणाला, त्यानंतर मी मोजलं तर उलट्या बाजूला फरक निघाला. यावरून त्या दोघांत दोन दिवस अबोला होता, हे भाचीने मला नंतर सांगितलं.

"दोघं पण बरोबर असाल," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी सायकलचा एक आरा घेतला, तारेने चौकटीला घट्ट बांधला आणि त्याचं टोक मागच्या स्पॉकेटच्या कडेला जेमतेम न लागेल असं ठेवलं. मग ॲक्सल हाताने हळूहळू फिरवला. टोक आणि चाक यांमधली फट आधी बारीक झाली, मग रुंद झाली, मग परत बारीक. चाक डुलत होतं, जवळजवळ एक मिलिमीटर. म्हणजे एकाने मोजलं तेव्हा चाक अलीकडे होतं आणि दुसऱ्याने मोजलं तेव्हा पलीकडे. अबोल्याचं कारण असं उलगडलं. स्पॉकेट काढल्यावर दिसलं की ते ज्या हबवर बसतं त्याच्यावर पोरांनी हौसेने पावडर कोटिंगचा लाल रंग चढवून घेतला होता, आणि तो एका बाजूला जाड होता. मिस्त्रींनी रंग खरवडला, कानशीने कड मारली, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. परत फिरवलं. आता टोक आणि चाक यांत फट होती तितकीच राहिली.

मग प्रश्न आला सरळ पट्टीचा. पोरांनी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून ॲल्युमिनियमची एक चकचकीत पट्टी आणली होती. मिस्त्रींनी एक पांढरा कागद ताणून लावला, पट्टी ठेवून टोकदार पेन्सिलीने रेघ ओढली, मग पट्टी उलटवली आणि त्याच दोन बिंदूंतून दुसरी रेघ ओढली. दोन रेघांच्या मध्ये बारीक होडीसारखा आकार दिसला. पट्टी वाकडी होती. मग त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आपली अठरा इंची स्टीलची पट्टी काढली आणि तिचीही तीच परीक्षा घेतली, आमच्यासमोर. दोन रेघांची एकच झाली. आम्ही बँकेत बेरीज वरून खाली केली की खालून वर परत करायचो, त्याची मला आठवण झाली. वापरून वापरून खात्री झालेल्या पट्टीचीही त्यांनी परीक्षा घेतली, हे मला आवडलं.

पट्टी आडवी धरून मागच्या स्पॉकेटच्या तोंडावर सपाट टेकवायची आणि तिचं दुसरं टोक पुढच्या स्पॉकेटवर जाईल असं धरायचं. पण इथे एक गोम होती, जी अकरा इंजिनिअरांपैकी कोणालाच सुचली नव्हती. मागचं स्पॉकेट ६ मिलिमीटर जाडीचं, पुढचं ७. तोंडं एका पातळीत आणली तर मध्यरेषा अर्ध्या मिलिमीटरने चुकणार, आणि चेन तर मध्यावरून चालते. मिस्त्रींनी हॅकसॉचं एक जुनं पातं मोडून त्याचे दोन तुकडे केले. पात्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते. दाते बाहेर राहतील असे ते तुकडे मागच्या स्पॉकेटवर दोन जागी ठेवून त्यांवर पट्टी टेकवली. आता पट्टी पुढच्या स्पॉकेटला नीट लागली की समजायचं, मध्य जुळला.

लागली नाही. पलीकडे टॉर्च धरल्यावर प्रकाशाची फट दिसली. पण ती फट सारखी नव्हती. पुढच्या स्पॉकेटच्या एका कडेला पट्टी टेकत होती आणि दुसऱ्या कडेला उजेड येत होता. "फट सारखी असती तर इंजिन नुसतं सरकवायचं," मिस्त्री म्हणाले. "ही पाचर आहे. इंजिन तिरपं बसलंय. सरकवून काय होणार?" पोरांनी महिनाभर इंजिन इकडून तिकडे सरकवलं होतं.

इंजिन वळवलं, पट्टी लावली, टॉर्च धरली. उजेड नाहीसा झाला. पोरं आनंदली. मिस्त्रींनी बोल्ट आवळले आणि परत पट्टी लावली, आणि उजेड परत आला. आवळताना इंजिन आपल्या जागेवरून हललं होतं. हे तीनदा झालं. मग ते उठले, चहा सांगितला आणि थोडा वेळ नुसते गाडीकडे बघत बसले. इंजिनाच्या पट्टीतली भोकं लांबट होती, चेनचा ताण जुळवता यावा म्हणून. पण गाडीने जोर घेतला की चेन इंजिनाला ॲक्सलकडे ओढते, आणि चेन एका अंगाला असल्यामुळे ओढता ओढता वळवतेही. म्हणजे इथे शेडमध्ये कितीही सरळ बसवलं, तरी ट्रॅकवर ते परत तिरपं होणार. चहा संपल्यावर त्यांनी चौकटीच्या आडव्या नळीला, चेनच्या बाजूला, एक नट वेल्डिंग करून बसवला आणि त्यातून एक लांब बोल्ट इंजिनाच्या पट्टीला टेकवला. आता इंजिनाला मागे जायला वाटच नव्हती. बोल्ट फिरवून ताणही जुळवता येई. त्यानंतर आवळलं, तपासलं. उजेड नव्हता.

अंधार पडला होता. आम्ही गाडी तिथेच ठेवून बदलापूरची लोकल पकडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहीणही आली. कोणी बोलावलं नव्हतं. शेडमध्ये एका रिकाम्या पिंपावर बसून राहिली. मिस्त्रींनी भाचीला गाडीत बसायला सांगितलं. "आता बघू," म्हणून पट्टी लावली, तर उजेडाची एक बारीक रेघ दिसली. चालवणाऱ्याच्या वजनाने चौकट जराशी वाकते, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. गाडी शर्यतीत रिकामी धावणार नाही, म्हणून माप माणूस बसवून घ्यायचं. बोल्ट पाव फेरा फिरवून त्यांनी ते जुळवलं.

मग चेन चढवली. तिला मधोमध बोटाने दाबून अर्धा ते पाऊण इंच झोल ठेवला, पण तो कुठेही नाही. ॲक्सल पूर्ण फेरा फिरवून जिथे चेन सगळ्यांत ताठ येते ती जागा शोधून तिथे. चेन जोडणाऱ्या कडीची क्लिप बसवताना भाचीला म्हणाले, "ही मासोळी. हिचं तोंड चेन जाते त्या दिशेला. शेपूट पुढे ठेवलीस तर कशाला तरी अडकून निघेल." भाचीने क्लिप स्वतः बसवली.

शेवटी मिस्त्री गाडीच्या मागे उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि चेनच्या रेषेत पाहिलं. मग आम्हाला सगळ्यांना एकेक करून तसं पाहायला लावलं. मलाही. सबंध चेन एकाच कडीच्या रुंदीत मावली होती.

बहीण तेव्हा पहिल्यांदा बोलली. "आणि तरीही तुटली तर?"

मिस्त्रींनी फाटलेलं झाकण उचललं. पोरांनी वजन वाचवायला डब्याचा पातळ पत्रा वापरला होता. "ताई, तुटू नये म्हणून एवढं केलं. तुटलीच तर म्हणून हे मी बदलणार." त्यांनी २ मिलिमीटरचा पत्रा कापून, चेनच्या वर आणि मागे वळेल असं नवं झाकण केलं. पोरांपैकी कोणी तरी वजन वाढेल म्हणालं. भाचीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बहिणीने ते झाकण दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, मग पर्समधून पेन काढून माझ्याकडे तो कागद मागितला. मी तो आयोजकांकडे केव्हाच पाठवला होता. ती माझ्यावर परत चिडली, पण वेगळ्या कारणासाठी.

मजुरी विचारली तर मिस्त्रींनी पत्रा, वेल्डिंग आणि दोन बोल्ट यांचे पैसे सांगितले. पोरांनी वर्गणीतून दिले.

कोल्हापूरला गाडी मधल्या घोळक्यात आली. एका वळणावर भाची गिरकी घेऊन गवतात गेली, तिथे ब्रेकचं काहीतरी निघालं, तो वेगळा विषय आहे. बहीण कठड्याला धरून उभी होती. लांब पल्ल्याची शेवटची शर्यत संपल्यावर पोरांनी सगळ्यांत आधी झाकण उघडून चेन पाहिली. कड्या दोन्ही अंगांनी सारख्या मळल्या होत्या.

त्यानंतरच्या शनिवारी मी पेढे घेऊन एकटाच मोरिवलीला गेलो. मनात वाक्य तयार केलं होतं. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला निदान एवढं जमायला हवं. पण पेढ्यांचा पुडा हातात दिल्यावर मी एवढंच म्हणालो, "मिस्त्री, मी उल्हासनगरला बँकेत होतो."

"माहितेय की," ते म्हणाले. "तुम्ही टेम्पोतून उतरलात तेव्हाच ओळखलं."

"तो लेथ..."

"हाच. ब्याण्णवला घेतला. एका पतपेढीने दिलं कर्ज. व्याज लई होतं." त्यांनी एक पेढा तुळशीसमोर ठेवला, एक तोंडात टाकला. "तुमचं पण बरोबर होतं, साहेब. पावती मेव्हण्याच्या नावावर होती. मेव्हणा जाऊन आता बारा वर्षं झाली."

"मग आता?"

"आता पण त्याच्याच नावावर आहे," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी लेथ सुरू केला.